नारळीकरांच्या विज्ञानकथा गावातल्या पोरांना वाचून दाखवायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

लोणारकाठ

राम राम मंडळी. मी लोणार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सरोवरापासून आमचं गाव 17 किलोमीटर. दर रविवारी सकाळी समाजमंदिरात सातवी ते दहावीची वीस-बावीस पोरं जमतात आणि आम्ही मोठ्यानं पुस्तक वाचतो. वाचनालय म्हणावं असं काही नाही, एक लोखंडी पेटी आहे. मागच्या महिन्यात एका निवृत्त गुरुजींनी त्या पेटीत जयंत नारळीकरांची पुस्तकं आणून ठेवली. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' आणि आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व'.

मी स्वतः ही पुस्तकं बारावीत असताना वाचली. दिवसा कॉलेज, रात्री हरभऱ्याला पाणी. शेतातली लाइन रात्रीच यायची. मोटर सुरू करून धुऱ्यावर बसायचं, बॅटरीच्या उजेडात वाचायचं आणि डोळे थकले की वर बघायचं. 20 मे 2025 ला ते गेले तेव्हा गावात सगळे म्हणाले, मोठा शास्त्रज्ञ गेला. मला मात्र माझा लेखक गेला असं वाटलं.

आता अडचण अशी की मी पहिल्या रविवारी उत्साहानं 'कृष्णविवर' वाचायला घेतली आणि तिसऱ्या पानाला पोरं जांभया देऊ लागली. एक पोरगी उठून म्हणाली, "दादा, हा धडा हाय का गोष्ट?" त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून इथं विचारतो. पहिली कोणती कथा घ्यावी? आणि तिनं विचारलं त्याचं काय? ते गोष्ट सांगत होते, की गोष्टीच्या आडून तास घेत होते?

सरकी

गोष्ट! धडा असता तर शेवटी 'स्वाध्याय' असता 🙂

विषुववृत्त

मूळचा पुसदचा, आता नोकरीमुळे पुण्यात. मी थोडं वेगळं मत मांडतो.

तुमच्या त्या मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. नारळीकरांबद्दल आदर पूर्ण आहे, पण कथाकार म्हणून त्यांची मर्यादा मान्य करावी लागेल. त्यांच्या कथांत प्राध्यापक असतात, संस्थाचालक असतात, परदेशी परिषदेला निघालेले तज्ज्ञ असतात. दोघं चहा पीत बसतात, एक जण विचारतो आणि दुसरा समजावून सांगतो. माणसाचा राग, हेवा, दारिद्र्य, शरीर यांतलं फार थोडं येतं. बायका बहुतेक वेळा काळजी करायला असतात. आणि खेडं? आपल्याकडच्या पोराला त्या कथेत स्वतःचं अंगण कुठं दिसतं? तुमची मुलं जांभया देतात ती विज्ञान कठीण आहे म्हणून नव्हे, त्यांना कथेत ओळखीचं कुणी भेटत नाही म्हणून.

पऱ्हाटी

विषुववृत्त भाऊ, तुमी म्हंता थे खरं हाय, पन अर्धं. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार मानूस. मले गोष्टीत माह्यं अंगण पायजे असं कोन म्हनलं? अंगण तं मी रोज झाडतो. मले थे पायजे जे माह्या अंगणातून दिसते पन कोनी सांगत नाई. आमी जागलीले मचाणावर रातभर रायतो, रानडुकरं हाकलतो. डोक्यावर येवढं आभाळ. थ्याच्याबद्दल मराठीत इतकं सोपं कोनं सांगतलं होतं आमाले?

मंगळवारची_तासिका

मी घाटंजीकडे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. लोणारकाठ दादा, 'कृष्णविवर' पहिली घेतलीत तिथंच चुकलं. ती कथा समजायला आधी काळ मंद होणं म्हणजे काय ते पोटात उतरावं लागतं. मोठ्या वस्तुमानाजवळ घड्याळ हळू चालतं, हे आईनस्टाईनचं म्हणणं नववीच्या मुलाला तीन पानांत पचत नाही.

'धूमकेतू' घ्या. त्यात दत्तदा नावाचे निवृत्त गृहस्थ आहेत, हौशी. रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसतात. बायकोला त्या दुर्बिणीचा राग आणि थंडीत बसतात म्हणून काळजी. त्यांनी शोधलेला धूमकेतूच पृथ्वीवर आदळणार असं गणित निघतं. मग एकीकडे शास्त्रज्ञ गुपचूप अणुस्फोटकं घेऊन यान पाठवतात आणि दुसरीकडे घरात शांतीचा यज्ञ. संकट टळतं. घरातल्यांना वाटतं यज्ञानं टळलं. दत्तदांची त्या क्षणीची अवस्था आमच्या मुलांना फोडून सांगावी लागली नाही. प्रत्येकाच्या घरात ते घडलेलं असतं.

विषुववृत्त सर, तुम्ही म्हणता हेवा, राग नाही. पण स्वतःच्या घरात एकटं पडलेला विचारी माणूस तिथं आहे. ते मला माणसाचंच दुःख वाटतं.

लोणारकाठ

ताई, मनापासून आभार. 'धूमकेतू' माझ्या डोक्यातच नव्हती, आणि मी राहतो उल्केच्या खड्ड्याच्या शेजारी!

झाडीपट्टीचा_वाघ

सिंदेवाहीकडून लिहितो. आमच्याकडे आकाशातून खरंच पडलंय. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची रात्र. जेवणं व्हायची होती. आभाळातून आगीच्या रेघा जाताना आख्ख्या विदर्भानं बघितल्या. आणि आमच्या तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं, बैलगाडीच्या चाकाहून कितीतरी मोठं. आसपासच्या गावांत पुढं धातूचे गोळेही सापडले. चिनी रॉकेटचा परत येणारा टप्पा असावा असा अंदाज तज्ज्ञांनी सांगितला.

त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी म्हणालं विमान कोसळलं, कुणी म्हणालं देवाचा कोप, नव्या वर्षाचा अपशकुन. एक आजी तुळशीपाशी दिवा लावून बसली. मी दहावीत वाचलेली 'धूमकेतू' त्या रात्री आठवली. सकाळी त्या कड्याला हात लावून आलो. थंड होतं. मला एवढंच कळत होतं की हे कुणीतरी माणसानं कारखान्यात बनवलंय, त्याला वेल्डिंग आहे, आणि हे किती वेगानं कुठून आलं हे कागदावर काढता येतं. भीती तिथंच गेली.

सरकी

वाघभाऊ, हे वेगळा धागा काढून सविस्तर लिहा. खरंच.

गणित_आजोबा

मी दारव्ह्याचा. 31 वर्षं गणित शिकवलं, आता वय 74.

जगतापांची हकिगत इथं कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारळीकर तेव्हा मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. केंब्रिजहून 1972 ला परत आलेले, 1965 सालीच, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पद्मभूषण मिळालेलं, घरोघरी नाव माहीत. आपल्या नावाकडं बघून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. आद्याक्षरं उलटी वाचा: ना. वि. ज. म्हणजे ज. वि. ना. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. पहिलं बक्षीस जगतापांनाच मिळालं.

माझ्या दृष्टीनं लोणारकाठांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. ज्याला फक्त शिकवायचं असतं तो स्वतःचं नाव ठळक छापतो. गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते का हे ज्याला पाहायचं असतं, तो नाव लपवतो.

निळी_शाई

आजोबा, फार सुंदर सांगितलंत.

मंगलाताईंचा उल्लेख आला म्हणून, त्या स्वतः गणितज्ञ होत्या हे अनेकांना ठाऊक नसतं. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'त्र्याहत्तर' ऐवजी 'सत्तर तीन' असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष त्याच होत्या. 2023 मध्ये त्या गेल्या.

पऱ्हाटी

थ्या टायमाले आमच्या गावात लय बोंबाबोंब झाली होती. पन माह्या नातीले 'सत्तर तीन' बरोबर लिहिता येते. आधी थे 37 लिहे.

गणित_आजोबा

मी तेव्हा विरोधात होतो, आजही आहे. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी मुलांना जमतात, शिकवणाऱ्यानं धीर धरावा. मात्र मंगलाताईंनी विरोधकांना शांतपणे, मुद्देसूद उत्तरं दिली हे मान्य करतो.

मंगळवारची_तासिका

आजोबा, या विषयावर आपण दोघं रात्रभर भांडू शकतो 🙂 पण नारळीकरांकडे परत येऊ या.

विषुववृत्त

जगतापांची हकिगत मला माहीत होती, पण आजोबांनी लावलेला अर्थ नवीन आहे. तो पटला. तरी एक मुद्दा सोडत नाही. पहिल्या कथेला बक्षीस मिळालं तेव्हा मराठीत या प्रकारच्या कथा थोड्या होत्या. पुढं बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे असे लेखक एका फळीत उभे राहिले, आणि जावडेकर-लोंढ्यांकडे माणूस अधिक गुंतागुंतीचा येतो असं माझं वाचन सांगतं. नारळीकरांकडे कल्पना नायक असते. यात कमीपणा नाही, फक्त वाचकाला ते आधी सांगितलं पाहिजे.

निळी_शाई

'कल्पना नायक असते' हे अगदी बरोबर, आणि माझ्यासाठी तीच त्यांची ताकद आहे. मराठी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून लिहिते. विज्ञानकथेत दोन घराणी मानली तर एका घराण्यात विज्ञान हे पडद्यावरचं चित्र असतं: यान, यंत्रमानव, परग्रह, आणि पुढं नेहमीचं मारामारीचं कथानक. दुसऱ्या घराण्यात विज्ञानाचा एक नियम काढून घेतला तर कथा कोसळते. नारळीकर कट्टर दुसऱ्या घराण्याचे.

उदाहरण म्हणून 'उजव्या सोंडेचा गणपती' पाहा. विषय काय, तर अवकाशाला मोबियस पट्टीसारखा पीळ पडला आणि त्यातून वस्तू फिरून आली तर तिचा डावा-उजवा बदलेल. एवढ्या एका भूमितीच्या गोष्टीवर त्यांनी डाव्या सोंडेची मूर्ती उजव्या सोंडेची केली, क्रिकेटचा सामना फिरवला आणि घरच्या देव्हाऱ्यातल्या श्रद्धेला हात घातला. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं वेगळं, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. ही कथा दुसऱ्या कुठल्या भाषेत जन्मालाच आली नसती. म्हणून 'पाश्चात्त्य सायन्स फिक्शनचं मराठीकरण' हा आरोप मला मान्य नाही.

मंगळवारची_तासिका

निळी_शाई, ही कथा मी वर्गात अशी घेते: कागदाची लांब पट्टी, एक पीळ, टोकं चिकटवायची. मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढत जायचं. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येते. मग त्याच रेघेवर कात्री. दोन कडी होतील म्हणून मुलं पैज लावतात आणि हातात एकच लांब कडं येतं. त्यानंतर कथा वाचली की एकही जांभई नाही.

पुढचा प्रश्न एका मुलानं विचारला होता: माणूस असा आरशातल्यासारखा उलटा होऊन आला तर जेवेल काय? मी थक्क झाले. आपल्या शरीरातली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, साखरा उजव्या घडणीच्या. उलट्या झालेल्या माणसाला आपली भाकर पचणार नाही, पोट भरूनही तो उपाशी राहील. नववीतला मुलगा तिथपर्यंत स्वतःहून पोचला. वडील ट्रॅक्टरवर चालक आहेत, घरात पाठ्यपुस्तकाशिवाय पुस्तक नाही.

पऱ्हाटी

बाप्पा! म्हंजे थ्याले ज्वारी बी उलटी पेरून द्या लागन.

बाजलं_आणि_तीन_चोर

कारंजा लाडहून. धागा उशिरा पाहिला. रात्रीच्या आकाशाचा वेडा आहे, नाव त्यावरूनच घेतलंय. सप्तर्षीतले चार तारे म्हणजे म्हातारीचं बाजलं आणि मागचे तीन चोर, हे आजीनं शिकवलं.

मला त्यांच्या शास्त्रज्ञ म्हणून असलेल्या कारकिर्दीबद्दल लिहायचंय, कारण कथा त्यातूनच आल्या आहेत. केंब्रिजला त्यांचे गुरू फ्रेड हॉएल. हॉएल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहायचे, 1957 ची 'द ब्लॅक क्लाउड' गाजलेली. म्हणजे संशोधकानं गोष्टी लिहिल्या तर त्यात कमीपणा नाही, हे नारळीकरांनी गुरूकडे पाहूनच शिकून घेतलं असणार. 1964 मध्ये दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य निर्माण होत राहतं, या स्थिर स्थितीच्या विचाराचे ते पाठीराखे. 'बिग बँग' (महास्फोट) हा शब्द हॉएल यांनीच 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर वापरला, आणि विश्वाला आरंभ होता या ज्या सिद्धांताला तो चिकटला तो त्यांना मान्य नव्हता!

विषुववृत्त

आणि तो सिद्धांत टिकला नाही, हेही लिहा. 1965 मध्ये विश्वात सगळीकडून येणारं, त्याच्या उष्ण आरंभाची खूण मानलं जाणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले.

बाजलं_आणि_तीन_चोर

लिहितो की. लपवण्यासारखं काय आहे त्यात? 1993 मध्ये हॉएल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेली मांडणी केली, तीही बहुसंख्यांनी स्वीकारली नाही. तरी नारळीकर शेवटपर्यंत आपल्या शंका आकडेवारीसकट मांडत राहिले, आणि त्याच काळात 1988 मध्ये पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी करून तिथं महास्फोट मानणाऱ्या तरुणांनाही मोकळं रान दिलं. मी कॉलेजच्या सहलीत आयुका पाहिली. अंगणात न्यूटन, आईनस्टाईन, गॅलिलिओ, आर्यभट यांचे पुतळे आणि आत फुकोचा लंबक, झोक्याची दिशा हळूहळू फिरत जाणारा. त्या लंबकापाशी मी अर्धा तास उभा होतो. पृथ्वी फिरते हे वाचलेलं असतं, तिथं ते डोळ्यांसमोर चाललेलं असतं.

जीवसृष्टी अवकाशातून आली असेल का, या हॉएल यांच्या कल्पनेचीही नारळीकरांनी नुसती गोष्ट केली नाही. हैदराबादहून फुगे सोडून 41 किलोमीटर उंचीवरच्या हवेचे नमुने आणवले. 2005 च्या उड्डाणातल्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, त्यातल्या एकीला हॉएल यांचं नाव दिलं, एकीला आर्यभटांचं. त्या बाहेरून आल्या असं सिद्ध झालं नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही.

झाडीपट्टीचा_वाघ

हे वाचून माझा त्यांच्याबद्दलचा आदर वाढला. गोष्टीत मोकळे, प्रयोगात जपून.

निळी_शाई

जपून असण्यावरून फलज्योतिषाची चाचणी आठवली. 2008 मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसोबत ती केली. हुशार मुलांच्या 100 आणि मतिमंद मुलांच्या 100 जन्मपत्रिका गोळा केल्या. 27 ज्योतिषांनी भाग घेतला, प्रत्येकाला त्यातल्या 40 दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी सुमारे 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी 50 च्या आसपास आली असती.

माझ्या बहिणीचं लग्न दोनदा पत्रिकेवरून मोडलं. घरी हा आकडा मी वडिलांना समजावून सांगितला. ते लगेच काही बोलले नाहीत. तिसऱ्या स्थळाच्या वेळी त्यांनी पत्रिका काढलीच नाही.

सरकी

ताई, बहिणीचं छान चाललंय ना?

निळी_शाई

हो, खूप छान. भाची पहिलीत आहे, 'सत्तर तीन'वाली 🙂

गणित_आजोबा

आता माझी सर्वांत आवडती कथा, 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईला निघतात आणि अपघातानंतर ते अशा जगात पोचतात जिथं 1761 ची पानिपतची लढाई मराठे जिंकलेले आहेत. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. पंत एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाऊन इतिहास कुठं वळला ते शोधतात, आणि सापडतं काय, तर विश्वासरावांना लागायची गोळी तिळाएवढ्या फरकानं कानाजवळून गेली. परत आल्यावर त्यांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं.

लोणारकाठ, ही कथा पोरांना नक्की वाचून दाखवा. तिळाएवढा फरक म्हणजे किती हे आपल्याकडच्या पोरांना हातावर दाखवता येतं.

पऱ्हाटी

आजोबा, ही गोष्ट माह्या पोराले अकरावीच्या विंग्रजी पुस्तकात होती. 'द अ‍ॅडव्हेंचर' नावानं. थ्यानं मले मराठीतून सांगतली, मंग मी मूळची मिळवून वाचली.

मले थ्यात एक गोष्ट लय लागली. थ्या जगात कंपनी सरकार अजून हाय म्हनून वाचनाऱ्याले नवल वाटते. आमाले नाई वाटलं. आमच्या यवतमाळची शकुंतला रेल्वे, मूर्तिजापूरले जानारी, थे कापूस न्यायले बांधलेली. देश स्वतंत्र झाला तरी थे गाडी इंग्रजाइनं उभ्या केलेल्या कंपनीच्याच मालकीची रायली. सरकार चालवे आन् कंपनीले पैसे दे. मी ल्हानपनी थ्या गाडीत बसलो हावो. म्हंजे गंगाधरपंत ज्या जगात गेले थ्या जगाचा एक डबा आमच्या गावावरून जाये!

विषुववृत्त

पऱ्हाटी भाऊ, याला म्हणतात वाचन. मी ही कथा पाच वेळा वाचली असेल, माझ्या डोक्यात शकुंतला आली नाही, आणि मी पुसदचा.

एक जोड देतो. नागपूरकर भोसले पानिपतावर लढायला नव्हते. मग त्या दुसऱ्या जगात नागपूरचं काय झालं असतं? 1854 मध्ये वारस नाही म्हणून राज्य खालसा झालं, ते झालं असतं का? वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला गेला असता, की इथंच गिरण्या उभ्या राहिल्या असत्या? ही कथा कुणीतरी लिहायला हवी.

मंगळवारची_तासिका

विषुववृत्त सर, तुम्हीच विचारलं होतं ना, खेड्यातल्या पोराचं अंगण कुठं दिसतं? आता तुम्हीच दाखवताय 🙂

विषुववृत्त

ताई, मान्य. अंगण लेखकानं आयतं द्यायला हवं असा माझा आग्रह होता, तो सैल झालाय. पात्रं सपाट आहेत हे मत मात्र कायम.

झाडीपट्टीचा_वाघ

2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही काही जण विचारत होते की विज्ञानकथा साहित्यात बसते का. प्रकृतीमुळे ते तिथं जाऊ शकले नाहीत याची मला हळहळ वाटली. त्याआधी 2014 चा साहित्य अकादमी मिळाला तोही आत्मचरित्राला, कथांना नाही. कथांना तो मान मिळायला हवा होता, हे माझं ठाम मत.

बाजलं_आणि_तीन_चोर

मुलांनी स्वाक्षरी मागितली की ते म्हणायचे, पोस्टकार्डवर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर स्वाक्षरीसकट मिळेल. लोणारकाठ दादा, तुमच्या रविवारच्या वाचनात हे आणता येईल का बघा. गोष्ट संपली की प्रत्येकानं एक प्रश्न कागदावर लिहायचा. उत्तरं आपण इथं शोधू.

लोणारकाठ

मंडळी, दोन आठवड्यांनी परत आलोय. तुम्ही सांगितलं तसं केलं.

पहिल्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही. पोरांना टेम्पोत बसवून सरोवरावर नेलं. काठावरून खाली बघितलं. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद खड्डा, काळ्या बसाल्टमध्ये उल्केनं पाडलेला. लवणासुराची कथा सगळ्यांना पाठ होती, दैत्यसूदनाचं मंदिर पाहिलेलं होतं. पण आभाळातून दगड आला हे फक्त चौघांना माहीत होतं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं ते झालं हे सांगितल्यावर एकानं बाटलीत पाणी भरून घेतलं आणि आठवडाभर उन्हात ठेवून बघितलं. नाही झालं गुलाबी. त्यानं तसं वहीत लिहून ठेवलंय.

दुसऱ्या रविवारी समाजमंदिरात 'धूमकेतू'. पाऊण तास कुणी हललं नाही. पहिल्या दिवशी 'हा धडा हाय का गोष्ट' विचारणारी पोरगी मध्येच म्हणाली, "दत्तदा आमच्या आबासारखे हायेत, आबा बी रातच्याला बाहेरच बसते." यज्ञाच्या प्रसंगावर दोन पोरांचं भांडण झालं, एकाच्या घरी परवाच शांत झाली होती. मी मध्ये पडलो नाही. शेवटी वाघभाऊंचं लाडबोरीचं कडं सांगितलं, आणि 2022 च्या सप्टेंबरमध्ये नासानं डार्ट यान डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवून त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या फेरीचा वेळ 32 मिनिटांनी कमी केला तेही. "म्हंजे नारळीकरांची गोष्ट खरी झाली?" असं तिघांनी एकदम विचारलं. म्हटलं, तिथं अणुस्फोटकं होती, इथं नुसती धडक, पण दिशा तीच.

कागदावर 19 प्रश्न आले. त्यातला एक मला सुटला नाही. त्याच पोरीचा आहे: "लोणारला दगड पडला तेव्हा आपल्या गावात आवाज किती वेळानं आला असता?"

गणित_आजोबा

वा! तिला सांगा, आवाज हवेत सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. गाव 17 किलोमीटर, म्हणजे 17,000 मीटर. भागाकार तिनं स्वतः करावा. उत्तर 50 सेकंद.

बाजलं_आणि_तीन_चोर

आजोबांच्या उत्तरात थोडी भर. सगळ्यांत आधी उजेड दिसेल, तत्क्षणी. मग जमीन हलेल, कारण खडकातून कंप सेकंदाला काही किलोमीटर वेगानं जातो. पाच धरला तर साडेतीन सेकंदांत पायाखाली थरथर. आणि आवाज 50 च्या थोडा आधीच येईल, कारण एवढ्या मोठ्या स्फोटाची लाट सुरुवातीला आवाजापेक्षा वेगानं धावते.

पऱ्हाटी

पोरीले सांगा, पावसाळ्यात इज चमकली की मोजत जाय. तीन मोजले की एक किलोमीटर. आमी वावरात असंच ठरवतो, झाडाखालून निंघायचं का नाई थे.

मंगळवारची_तासिका

उरलेले 18 प्रश्न इथं टाका दादा. माझ्या वर्गातली मुलं उत्तरं शोधतील. पोस्टकार्डावरच पाठवतो, पत्ता मला व्यक्तिगत निरोपातून कळवा.

लोणारकाठ

ताई, आज रात्री टाकतो. पोरीला 50 सेकंद सांगितले. तिनं समाजमंदिरातल्या घड्याळाकडं बघत 50 पर्यंत मोजलं आणि तेवढा वेळ बाकी सगळी पोरं गप्प बसली होती.

पुढच्या रविवारी 'गंगाधरपंत'. एशियाटिक सोसायटीच्या इमारतीचा आणि शकुंतला गाडीचा, असे दोन्ही फोटो कुणाकडं असतील तर मोठे पाठवा. प्रिंट काढून भिंतीला लावायचे आहेत. तीळ घरचे आहेत.